मागचे पाळक का गेले?

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं, आणि आमच्या चर्चच्या मंडळीला आता जिल्ह्याला शोभेल असा पाळक, म्हणजे पाद्री, हवा होता. निवड कमिटीत आम्ही पाच जण. मी शाळेत बाई, म्हणून चिटणीस. दोन उमेदवार आले, उपदेश करून गेले. त्यांचा आवाज, शिक्षण, इंग्रजी, सगळ्याचा आम्ही कीस काढला.

तिसरे गृहस्थ चाकूरकडचे, सावकाश बोलणारे. मुलाखत संपता संपता त्यांनीच विचारलं, "मागचे पाळक का गेले?"

"तब्येतीमुळं," अध्यक्ष म्हणाले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

मला ते मागचे पाळक दिसत. शनिवारी दुसऱ्या दिवशीच्या उपासनेतल्या गीतांचे नंबर फळ्यावर लावायला रिकाम्या चर्चमध्ये गेले की वाटे, दारात कुणीतरी उभं आहे. वळून पाहावं तर नुसतं ऊन. मुलाखतीच्या त्या दुपारीही तसंच वाटलं आणि मी बोलून गेले, "तब्येत नव्हे. दुष्काळात त्यांनी चर्चची विहीर सगळ्या वस्त्यांना खुली केली. पाणी तळाला गेलं तसं आम्ही कमिटीनं चर्चच्या फाटकाला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडं होती. त्यांनी मागितली, मी दिली नाही. आठवड्याभरात ते निघून गेले."

चाकूरच्या पाहुण्यांनी आपली पिशवी उचलली. मग म्हणाले, "आधी त्यांना भेटून या. त्यानंतरही मी हवा असलो तर कळवा."

अध्यक्ष आणि मी एसटीनं देवणीला गेलो. मागचे पाळक आता थकले होते. अंगणात पेपर वाचत बसले होते. आम्हाला ओळखून उठले, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी माफी मागितली.

"राग न्हाई, बाई," ते म्हणाले. "पण त्या दिवशी स्टँडवर आम्ही दोन गाड्या सोडल्या. वाटलं, कुणीतरी येईल निरोप द्यायला."

नवा माणूस कसा पारखावा, असं अध्यक्षांनी विचारलं.

"लई सोपं हाय. तो तुम्हाला काय विचारतो, ते बघा. अन् त्याला खरं सांगा."

परतल्यावर मी उभी राहून सगळं मंडळीपुढं सांगितलं. दोन कुटुंबं रागावून चर्चला येईनाशी झाली. चाकूरचे गृहस्थच आमचे पाळक झाले, आणि चांगले निघाले. त्यांच्या नेमणुकीला मागच्या पाळकांना बोलावणं धाडलं होतं. ते आले नाहीत, पत्र आलं. त्यात आशीर्वाद होता, एकेका घराची नावानिशी विचारपूस होती. माझ्या घराची नव्हती.

"विसरले असतील," नवे पाळक म्हणाले.

मी नाही अशा अर्थानं मान हलवली.