पहिला भाग कोणालाच नाही

दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांची नावं लिहून घेणाऱ्या ताईंना तिथे सोळा वर्षं झाली, आणि त्यातली बारा कबुतरांच्या संगतीत गेली. खरी कबुतरं नव्हेत. इंटरनेटवर दर शुक्रवारी येणाऱ्या तीन मिनिटांच्या कार्टूनमधली. एसीच्या डब्यामागे घरटं थाटलेलं जोडपं. नवरा वेंधळा, बायको खमकी, आणि दोन दिवसांसाठी म्हणून आलेले सासरे, जे सहाशे भाग उलटले तरी जागचे हललेले नाहीत.

बाकांसमोरच्या टीव्हीवर ताई हेच लावत, पण माणूस बघून. कोणी दारातून आत आलं की चष्म्यावरून एक नजर. जबडा आवळून बसलेल्याला अंड्याचा भाग, रडवेल्या पोराला बिनसंवादाचा. पहिला भाग मात्र कोणालाच नाही. तेव्हा चित्रं काढणाऱ्याचा हात बसलेला नव्हता, आणि तिथून सुरुवात करणारा हमखास पळ काढतो. ताईंनी भाग निवडून दिलेला माणूस कधी पळाला नाही. गाल सुजवून घरी गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी फोन करत, "ताई, पुढचा कोणता बघू?" दाढेचं नंतर.

मोठे डॉक्टर थकले आणि त्यांच्या सुनेने दवाखाना हाती घेतला. एका सकाळी ती म्हणाली, "सोमवारपासून टीव्हीवर दात पांढरे करायची जाहिरात लावू. कार्टून पुरे आता."

"तुम्ही बघितलंय का कधी?"

"बघितला की पहिला भाग. कबुतर आहे की बटाटा, तेच कळेना."

"पहिला बघायला कोणी सांगितला?" ताईंचा आवाज जरा चढलाच. "तुम्ही पेशंट आल्या आल्या दाढ उपटता का? आधी तोंड बघता ना? मग दुपारी मला तीन मिनिटं द्या. नाही आवडलं तर मीच बंद करते."

बोलून तर गेल्या. पण हिला कोणता लावायचा? दुपारपर्यंत ताईंच्या डोक्यात तेच. साधासुधा लावला तर ही हसायची नाही. एक होता नेमका. पण लागला तर वर्मी लागणार, आणि टीव्हीबरोबर ताईंचा शब्दही जाणार. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं.

दुपारी सुनबाई डबा उघडून बसली. पडद्यावर सासरे म्हणत होते, "मी आता निवृत्त," आणि सुनेने रचलेली एकेक काडी उपसून पुन्हा रचत होते. सुनबाईचा चेहरा मख्ख. ताईंनी रिमोट हाताशी ओढला.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. निवृत्त झाल्यापासून ते रोज याच वेळी यायचे. "काही नाही, सहज. कालचे एक्स-रे जरा बघू दे."

सुनबाईने चमचा खाली ठेवला, पडद्याकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं, आणि अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"झालं काय?" मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. थोडा वेळ बघून म्हणाले, "म्हातारं भलतंच हट्टी दिसतंय. पण काड्या बरोबर रचतंय हां."

सुनबाईने डोळे पुसले. "जाहिरात दारावर चिकटवू, ताई. आणि हे बघा, नवीन पेशंट आलाय. यांना कितवा?"

ताईंनी चष्म्यावरून मोठ्या डॉक्टरांना नीट न्याहाळलं, घाई न करता.

"एकशे बारावा," त्या म्हणाल्या. "त्यात सासरे जिंकतात."