गफूरचाचांचे काट्यांचे शास्त्र

टायर रिममधून मोकळा झाला की गफूरचाचा आधी डोळे मिटत. मग उघड्या बोटांनी टायरची आतली बाजू चाचपत एक पूर्ण फेरी घेत. गिऱ्हाईक कितीही घाईत असले, तरी ती फेरी त्यांनी अर्धवट सोडलेली मी कधी पाहिली नाही. नेकनूरच्या रस्त्याला त्यांचे पंक्चरचे दुकान होते: चार पत्रे, पाण्याचे घमेले आणि हवा भरायचे मशीन. बालाघाटच्या डोंगररांगेतील नैसर्गिक वनस्पतींचा नकाशा करण्यासाठी मी तीन वर्षे त्या भागात स्कूटीवरून हिंडले. त्यामुळे माझ्या प्रबंधाला मार्गदर्शकांइतकाच चाचांचा हात लागलेला आहे.

पहिल्याच भेटीत त्यांनी टायरमधून काटा उपसला आणि उन्हात धरला. "धारूरच्या डोंगराकडं गेलत्या का बेटा? हिंगणबेट हाय ह्यो. खिळ्यावानी." मी खरोखरच तिकडून आले होते. प्रभावित झाल्याचे न दाखवता मी त्यांना माझी पद्धत समजावून दिली. पाऊस, मातीची खोली, उतार, झाडांची उंची आणि पानगळीचा काळ यांवरून गट पाडायचे: दरीत पानझडी वन, उतारावर काटेरी झुडपे, मुरमाड माथ्यावर गवताळ माळ.

चाचांनी गंभीरपणे ऐकून घेतले. "बराबर हाय. माझे बी तीनच. दरीत दगडानं टायर फाटतो, उतारावर पंक्चर होतो, आन् माळावर नुसती कुसळं पायात. धंदा शून्य." मग हळूच म्हणाले, "तुमाला किती सालं लागली म्हणता शिकायला?"

प्रबंध सोमवारी सादर व्हायचा होता. परदेशातील एका पदाची मुलाखत त्यावरच अवलंबून होती. मुखपृष्ठासाठी लिंबागणेशकडच्या एका पट्ट्याचे छायाचित्र घ्यायला मी शनिवारी सकाळी निघाले. नकाशातला तो सर्वांत मोठा हिरवा पट्टा होता: 'नैसर्गिक काटेरी वन'. तिथे मी पूर्वी कधीच गेले नव्हते. उपग्रहाच्या चित्रावरूनच मी त्याचा गट ठरवला होता. पट्टा दिसण्याआधीच पाणंदीत टायर बसला आणि एका टेम्पोवाल्याने मला स्कूटीसकट चाचांच्या दारात आणून सोडले.

"येडी बाभळ," चाचा डोळे मिटूनच म्हणाले. "मोडून आत ऱ्हाती ही."

"शक्य नाही. लिंबागणेशकडं नैसर्गिक वन आहे."

"कोण म्हणलं?"

"उपग्रह."

"त्याला पंक्चर होतंय का कदी?"

"चाचा, एका काट्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"नका काढू. पर मी दुकान टाकलं तवा त्या माळावरून मेंढरंवाले सायकलीवर यायचे. हवा भरायचे, जायचे. सालोसाल एक पंक्चर न्हाई. आता तिकडली एक गाडी धड येत न्हाई. जंगल जुनं असतं तर माझा धंदा बी जुना असता की!"

हिशेब जुळत होता. वेडी बाभूळ बाहेरून आणून लावलेली, पुढे मोकाट पसरलेली. तिने गवताळ माळ गिळला असेल, तर माझे 'नैसर्गिक वन' नैसर्गिकही नव्हते आणि वनही नव्हते.

"सोमवारी द्यायचंय, चाचा," मी म्हणाले. "आणि तपासणारेही उपग्रहच बघणार आहेत."

चाचांचा हात टायरमध्येच होता. "मग मारू का प्याच? काटा आतच हाय अजून. भाईरून कुणालाच दिसायचा न्हाई."

 

"काढा," मी म्हणाले.

रविवारी तो पट्टा मी पायी तुडवला. सगळी वेडी बाभूळ, आणि तिच्या बुडाशी कसेबसे तगलेले कुसळी गवताचे ठोंब. उपग्रहावरून ठरवलेले बाकीचे पट्टेही पायी तपासण्यात प्रबंध आठ महिने लांबला. ते पद दुसऱ्या कुणाला मिळाले. उशिराचे कारण 'पंक्चर' असे सांगितले, तेव्हा घरच्यांना ती माझी थट्टा वाटली.

पदवी मिळाल्यावर मी छापील नकाशा घेऊन दुकानात गेले. चाचांनी तो उलटसुलट न्याहाळला. "माझं दुकान कावून न्हाई यात?"

"फक्त नैसर्गिक गोष्टी दाखवल्यात, चाचा."

"मग मी काय लावलेला हाय?"

मग त्यांनी कोपऱ्यातला एक टायर पुढ्यात ओढला आणि मला डोळे मिटायला लावले. मी आत हात घातला, अर्ध्या फेरीतच काटा बोटाला लागला आणि मी आत्मविश्वासाने म्हणाले, "बाभूळ."

"नापास," चाचा खुशीत म्हणाले. त्यांनी काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "फेरी पुरी केली न्हाई. कशाचा हाय ते पुढल्या खेपंला सांगा."

पुढची खेप झाली तेव्हा पत्रे उतरवलेले होते. चाचा उन्हाळ्यातच वारले, असे शेजारच्या फळवाल्याने सांगितले.

तो काटा माझ्या टेबलावर आहे. नमुन्यांशी ताडून, भिंगाखाली पाहून तो बाभळीच्याच जातकुळीतल्या हिवराचा आहे हे मी केव्हाच ठरवले आहे. डोळे मिटून धरला, की मात्र अजून खात्री होत नाही.