हर्निया नाही, असं कळलं तेव्हा

दोन जून, सोमवार. नांदेड. तपासणीच्या खोलीत हजर: प्लास्टिक सर्जन डॉक्टरबाई, त्यांची सिस्टर, माझ्या थोरल्या नणंद सुमनवन्स, आणि टेबलावर उताणी पडलेली मी.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा वाचला. म्हणाल्या, "चांगली बातमी आहे. हर्निया नाही."

मला ती चांगली वाटली नाही. दोन वर्षं मी लातुरात सगळ्यांना हर्निया आहे म्हणूनच सांगत होते.

लातूरला मी मुलींचं वसतिगृह चालवते. नीटच्या क्लासला आलेल्या मुली, दोन वेळचं जेवण, नाश्ता, आईबापांचे फोन. माझे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. माझं पोट मात्र सहावा महिना असल्यासारखं पुढे. वजन उतरवलं तर हातपाय वाळले, पोट तिथंच राहिलं, वर सैल कातडीची घडी लोंबायला लागली, तिच्याखाली पुरळ उठायचं, पाठ दुखायची. एसटीत बाया उठून जागा देतात. मी बसते. समजावून सांगण्यापेक्षा बसणं सोपं.

एकदा हदगावची एक आई मुलीसाठी खोली बघत होती. बघता बघता तिनं विचारलं, "ताई, कितवा चालू हाय?"

मागून तिचा नवरा हळूच म्हणाला, "अगं, त्यांच्या कपाळाकडं तरी बघ."

त्यांनी मुलगी दुसऱ्या वसतिगृहात ठेवली. तेव्हापासून मी हर्निया सांगायला लागले. विधवेला हर्निया झालेला चालतो.

डॉक्टरबाईंनी मला झोपूनच मान उचलायला लावली. पोटाच्या मधोमध तंबूसारखा उंचवटा उभा राहिला. त्याच्या दोन्ही कडांमध्ये त्यांची चार बोटं आरामात बसली. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोटावर उभे दोन स्नायू असतात. बाळंतपणात ते बाजूला सरकतात, काहींचे परत जवळ येत नाहीत. माझी जुळी भूकंपानंतरच्या हिवाळ्यात झाली, निलंग्याकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. पोट बांधायला धड कापड नव्हतं. सासूबाई आजही त्याचाच दोष धरतात. मी तसं म्हटल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "बांधलं असतं तर बरं वाटलं असतं. पण जुळ्यांनी ताणलेली जागा तेवढ्यानं मिटली असती असं नाही."

मग त्यांनी टमी टकचं सांगितलं. डॉक्टरी नाव अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी. दोन्ही स्नायू टाके घालून जवळ आणतात, जादा कातडी कापतात, बेंबीची जागा नव्यानं करतात. व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, आणि तो जन्मभर राहतो. आत साचणारं पाणी काढायला नळ्या, त्यांना ड्रेन म्हणतात. काही दिवस वाकून चालायचं. पोटावर घट्ट पट्टा. बेंबीखाली बरेच महिने बधिर. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून लवकर उठून चालायचं. निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही. वजन कमी करायचं हे ऑपरेशन नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "कागदावर हर्निया लिहिता येईल का?"

"जे नाहीच त्याचं नाव कसं लिहू?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुम्हाला कोणीच बघणार नसेल, तरी हे करावंसं वाटेल का? आत्ता सांगू नका. व्यायाम करा, साखर खाली आणा, मग या."

सुमनवन्स सोबत लातूरला आल्या. सासूबाई ओसरीत तूरडाळ निवडत होत्या. वन्सांनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, "हर्निया न्हाई म्हणं. नुसतं पोट सपाट करायचं ऑपरेशन हाय. वहिनी, आता कुणाला दाखवायचं हाय ते पोट?"

मी पाणी आणायला आत वळले.

"मला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "म्या रोज बघतेय. उठताना भिंत धरती. तुला लई दिसलं असतं तिकडं नांदेडात बसून."

"मी आपलं लोक काय म्हणतील ते सांगितलं, आई."

"लोकांचं लोक सांगतील. तू डाळ निवड."

पुढचे महिने कंटाळवाणे होते, तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्या बायकांच्या वाट्याला तेच येणार आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनी श्वास सोडत पोट आत घ्यायला शिकवलं. एचबीएवनसी केली; मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते. जास्त निघाली. चहा बिनसाखरेचा झाला. पुन्हा केली, पुन्हा जास्त. लॅबच्या बाकावर बसून बसून भिंतीवरच्या सूचना पाठ झाल्या. तिसऱ्यांदा आकडा खाली आला तेव्हा आनंद करायचंही अंगात त्राण नव्हतं.

व्यायामानं पाठदुखी निम्मी झाली. मलमानं घडीखालचं पुरळ गेलं. मोठं पातेलं दोघींनी उचलायची सवय लागली. म्हणजे सांगण्याजोगी कारणं एकेक करून कमी झाली. उरलं एवढंच, की निऱ्या खोचताना माझा हात त्या घडीला लागतो आणि मला तो लागायला नको असतो. खोलीत तेव्हा कोणी नसतं. आरशावर टॉवेल टाकलेला असतो.

फेब्रुवारीत नांदेडला एकटीच गेले. डॉक्टरबाईंना हेच सांगितलं. वाटलं होतं, हसतील. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे कारण चालतं. पाठदुखीचं म्हणाला असतात, तर मी आणखी व्यायाम करा म्हणाले असते." आठ महिने त्यांनी मला थांबवून ठेवलं, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. जूनमध्ये केलं असतं तर ते हदगावच्या पाहुण्यांसाठी केलं असतं.

तुमच्यापैकी कोणी या वाटेवर असेल, तर साखर, घरात उचलाउचल कोण करणार, आणि डॉक्टरांचा तो प्रश्न, एवढं आधी बघा. उत्तर "नाही" आलं तर तेही उत्तरच आहे. व्यायाम कुठं जात नाही.

माझी तारीख मेमध्ये आहे, नीटची परीक्षा झाल्यावर. मुली घरी गेलेल्या असतील. रेणापूरची एक बाई स्वयंपाकाला ठरली आहे. वन्स पंधरा दिवस राहायला येणार आहेत, बोलतील तेवढं बोलतील. पट्टा मापानं मागवला.

एक काम राहिलंय. या वर्षी प्रवेश जूनच्या शेवटी सुरू होतील, अशी पाटी दारावर लावायची आहे. तारीख लिहून झाली. खाली "कारण" असं लिहिलं आणि खडू खाली ठेवला. हर्निया लिहायचा नाही, एवढं ठरलंय. सासूबाई दोनदा विचारून गेल्या, "लिवलं का?" अजून लिहिलेलं नाही.