घरापर्यंत येणारं भेव

भेवदादांइतका घाबरट माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतके भीतीदायक सिनेमे पाहिलेला माणूसही माझ्या ओळखीत दुसरा नाही. कुकर गॅसवर चढला की ते बाहेर अंगणात जाऊन उभे राहायचे आणि शिट्ट्या झाल्या का, असं तिथूनच विचारायचे. लिफ्टमध्ये अडकायला नको म्हणून त्यांनी चंदीगडला लागून असलेल्या खरड गावातल्या आमच्या इमारतीतले वरचे हवेशीर फ्लॅट सोडून तळमजल्यावरचा कोंदट, डासांचा फ्लॅट भाड्याने घेतला होता. चंदीगडातला एखादा मोठा गोल चौक पायी ओलांडायची वेळ आली की हा सहा फुटी माणूस शेजारच्याची बॅग घट्ट धरायचा.

ते वाशीमकडचे. त्यांच्याकडे भीतीला ‘भेव’ म्हणतात आणि त्यांच्या तोंडी तो शब्द सारखा यायचा, म्हणून आम्ही त्यांना भेवदादा म्हणायला लागलो. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण पुढे पुढे फोनवर ते स्वतःच ‘हां, भेवदादा बोलून राहिलो’ असं म्हणू लागले. सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत ते पीएच.डी. करत होते. तिथे मात्र हाच माणूस ॲसिडच्या बाटल्या आणि झटका दिला तर जीव जाईल अशी यंत्रं शांतपणे हाताळायचा. मी एकदा त्यावरून त्यांना छेडलं, तर म्हणाले, “तिथलं भेव ओयखीचं हाय. कुठून येईन ते मले मालूम असते.”

मी संगमनेरची. मुलीला इतक्या लांब शिकायला पाठवायचं की नाही, यावरून आमच्या घरी उन्हाळाभर धुसफूस चालली होती. शेवटी आईने एकटीने बाबांची आणि आत्यांची समजूत घातली, पण मला समोर बसवून एक अटही घातली. “तिथं काही वेडंवाकडं घडलं, तू घाबरलीस, तर बॅग भरायची आणि यायचं. मग परत जायचं नाही. मला इथं जीव मुठीत धरून बसता येणार नाही.” त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं, की आपण कशालाही घाबरायचं नाही, निदान तसं कोणापाशी म्हणायचं नाही. पहिल्या हिवाळ्यात शेअर ऑटो धुक्यात रस्ता चुकला आणि कुठल्याशा शेतात जाऊन थांबला, तेव्हा माझे दात वाजत होते. घरी फोनवर मी ‘मज्जा आली’ असं सांगितलं.

रविवारी दुपारी आम्ही दादांकडे जमायचो. मी, माझी रूममेट सायली, वरच्या मजल्यावरचा पुण्याचा निखिल आणि अधूनमधून येणारे दोघेतिघे. दादा पोहे करायचे, मग भिंतीवरच्या टीव्हीवर सिनेमा लागायचा, आणि तो कायम विज्ञानपट असायचा. सिनेमा सुचवण्याची त्यांची पद्धत एखाद्या वैद्यासारखी होती. ‘दादा, काहीतरी चांगलं सांगा’ म्हटलं की ते आधी विचारायचे, “तुले काहाचं भेव लागते?” सायली म्हणाली, आपल्यावर कोणीतरी लक्ष ठेवून आहे असं वाटतं त्याचं. तिला त्यांनी एका घराचा सिनेमा दिला; त्यातलं घर आतल्या माणसांचे श्वास मोजत असतं. निखिलला इंजेक्शनची भीती आहे, हे त्याच्या पोटातून काढून घेऊन त्याला रोग्याला मरूच न देणाऱ्या यांत्रिक नर्सचा सिनेमा दिला. पोरगा दोन दिवस सैरभैर होता.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, “मला कशाचीच भीती वाटत नाही.”

दादांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बशी पुढे केली. “मंग तुले पिक्चर नाही. पोहे खा.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण पुढे कितीतरी महिने त्यांनी मला म्हणून एकही सिनेमा सुचवला नाही. मी आपली इतरांच्या भीतीवर गुजराण करत राहिले.

ते स्वतः सिनेमा पाहायचे तो भर दुपारी, पडदे उघडे, ट्यूबलाइट चालू आणि दार सताड उघडं ठेवून. शेवट त्यांनी आधीच कुठेतरी वाचून काढलेला असायचा. भीतीचा प्रसंग जवळ आला की आवाज बंद करून टाकायचे. आम्ही ओरडलो तर म्हणायचे, “अबे, पाहून राहिलो ना मी. आयकलंच पायजे असं हाय काय?” इतकी भीती वाटते तर पाहता कशाला, असं सायलीने एकदा त्यांना विचारलं. दादा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, “भेव तं येनारच हाय. पाहून ठेवलं असलं तं दारात आल्यावर त्याले नावानं हाक तरी मारता येईन.”

खरा दंगा सिनेमा संपल्यावर व्हायचा. हा विज्ञानपट धरायचा की नाही, यावर मतं घेतली जायची. धरला तर पास, नाहीतर बाद. निखिल काटेकोर होता. त्याच्या मते यान, परग्रह, भविष्यकाळ यांपैकी काहीतरी हवंच, नाहीतर उद्या कोणीही काहीही विज्ञानपट म्हणून खपवेल. दादा चमचा उगारायचे. “यान उडालं म्हनून विज्ञानपट? मंग नवरदेव घोड्यावर बसला तं युद्धपट झाला काय?” त्यांची स्वतःची व्याख्या ठरलेली होती. “भुताच्या पिक्चरचं भेव तिथंच राहते. दिवे लागले का संपलं. सायन्सच्या पिक्चरचं भेव मांगं मांगं घरी येते. आपला फोन, आपला पंखा, आपली माय, साऱ्यायकडे वेगळंच पाहा लागते.” ही व्याख्या नाही, ही तक्रार आहे, असं निखिल म्हणायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत कोणी कोणाचं ऐकायचं नाही.

एका सिनेमात गावाला कृत्रिम पाऊस पाडता येतो, पण तो थांबवता कोणालाच येत नाही. तो सगळ्यांच्या मते पास झाला. “हा वाशीमले दाखवू नका,” दादा म्हणाले, “लोक शेवटपर्यंत टाळ्या वाजवतीन.” मी हसले खरी, पण पुढचे कितीतरी दिवस अंथरुणातून उठून नळ नीट बंद केलाय ना ते पाहत होते. दुसरा एक होता निखिलच्या फार आवडीचा, भरमसाट खर्च करून काढलेला. आकाशातून यंत्रं येतात आणि अख्खं शहर पेटतं. दादांनी तो एका फटक्यात बाद केला. “शहर जयून राहिलं अन् एकही पोट्टा आपल्या मायले फोन लावत नाही. मले नाही पटत.” निखिल आठवडाभर त्यांच्याशी धड बोलला नाही.

मग मे महिन्यातले ते दिवस आले. सीमेवर तोफा धडाडत होत्या, चंदीगडात भोंगे वाजू लागले, आणि अंधार पडला की सगळे दिवे घालवायचे असा हुकूम आला. त्या संध्याकाळी दिवे गेल्यावर आम्ही सगळे न ठरवता दादांच्या तळमजल्यावर गोळा झालो. बाहेर वॉचमन शिट्टी फुंकत ओरडत फिरत होता, “ओ जी, बत्ती बंद करो! मोबाइल वी बंद!” मोहालीच्या बाजूचा आभाळातला नेहमीचा उजेड कोणीतरी पुसून टाकला होता. वर कुठेतरी घरघर ऐकू आल्यासारखी वाटायची, आणि ती खरी आहे की आपल्याच कानातली, ते कोणाला सांगता येत नव्हतं. मी निखिलच्या विनोदांवर मोठमोठ्याने हसत होते.

तेवढ्यात घरच्या ग्रुपवर आत्यांनी एक व्हिडिओ टाकला. सरळ आखलेले रस्ते, ओळीने उभ्या इमारती, वरून पडणारे आगीचे लोळ, आणि खाली लिहिलेलं, ‘चंदीगड, आत्ता’. मी चंदीगडच्या वेशीवरच बसले होते, तरी क्षणभर मला तो खरा वाटला. दादांनी माझा फोन घेतला, डोक्यावरून चादर ओढली आणि आतल्या आत तो पाहिला. मग चादरीतून आवाज आला, “अबे, हा तं आपला बाद पिक्चर हाय! ती पान्याची टाकी पाय. मांगची लाल बिल्डिंग पाय. निख्या, तुयाच आवडीचा.” निखिलने चादरीत डोकं घालून पाहिलं आणि मान डोलावली. हसलं मात्र कोणी नाही.

मी आईला कळवणार, तोच तिचा फोन आला. “पाहिला मी तो व्हिडिओ. उद्या मिळेल त्या गाडीने निघ. सगळं सामान घेऊन ये.” ‘सगळं सामान’ म्हणजे काय, ते मला कळलं. मी स्पीकर लावला आणि सगळ्यांकडे गयावया करून पाहिलं. निखिल ओरडला, “काकू, इथे काहीच नाहीये! आम्ही मस्त मॅगी खातोय!” आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजायला लागला.

भोंगा संपल्यावर आई म्हणाली, “तिथं कोणी मोठं माणूस आहे का? त्याला दे.”

दादांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “काकू, तो व्हिडिओ खोटा हाय. पिक्चरमधला हाय तो.”

“आणि हा भोंगा?”

“तो खरा हाय.”

“तुम्हाला भीती वाटतेय का? खरं सांगा.”

मी अंधारात दादांचं मनगट दाबलं. नाही म्हणा, एवढं एकदा नाही म्हणा.

“हो काकू,” दादा म्हणाले. “लय भेव लागून राहिलं. पाय थरथरून राहिले.”

संपलं, असं मला वाटलं. कॉलेज, परीक्षा, ही माणसं, सगळं तिथेच संपलं. आणि मला त्यांचा इतका राग आला की भोंग्याचाही विसर पडला. दादा मात्र बोलतच होते. “म्हनून साऱ्यायले आतल्या खोलीत बसवलं, खिडकीपासून दूर. पानी भरून ठेवलं. साऱ्यायच्या पायात बूट हायत. उद्याच्या गाड्या खचाखच जातीन, त्यात पोरीले एकटीले टाकनं मले यापेक्षा भेवाचं वाटते. पन जास्त झालं तं मी स्वतः तिले तुमच्या दारापर्यंत आनून देतो. मी काई इथं थांबनाऱ्यातला नाही, मी काई शूर नाही.”

“आणि ती? ती घाबरलीय का?”

“तिले इचारा, काकू. मले ती सांगत नाही.”

फोन माझ्या हातात आला. काय बोलायचं ते माझं केव्हाचं पाठ होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. “आई, मला खूप भीती वाटतेय,” मी म्हणाले आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागले. सायलीही रडायला लागली. मग निखिल.

आईने मला रडू दिलं. मग म्हणाली, “बरं. तिथंच थांब. ते भाऊ निघा म्हणतील तेव्हा निघ. मघापासून जो तो मला सांगतोय, काही नाही, काही नाही. तो एकच माणूस तिथं नीट घाबरलाय. त्याचं ऐक.”

दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक व्हिडिओ आला. काळं आभाळ, दोन ठिपके, एकदम लखलखाट आणि कुठेतरी भुंकणारं कुत्रं. दादांनी तो चादरीत पुन्हा पुन्हा पाहिला. “पास की बाद, दादा?” निखिलने सवयीने विचारलं. दादांनी फोन उलटा ठेवला. “हे मले समजून नाही राहिलं,” ते म्हणाले. त्या सगळ्या दिवसांत मी सर्वांत जास्त घाबरले ती तेव्हा. सायलीचा हात धरून मी तसं सांगितलंही.

भोंगे थांबले, दिवे लागले, पुढे ढकललेल्या परीक्षाही झाल्या. तरी अंधार पडला की आमचे हात आपोआप पडद्यांकडे जायचे. रविवार पुन्हा सुरू व्हायला बरेच दिवस गेले. तेव्हा मी आपण होऊन दादांना सांगितलं, की घरून फोन आला की मला भीती वाटते, आता बोलावून घेतील. त्यांनी पोहे गार होईपर्यंत विचार केला आणि एक जुना, संथ सिनेमा सांगितला. एका दूरच्या ग्रहावर एकटी राहणारी बाई. घरचे निरोप तिच्यापर्यंत पोचायला वर्षं लागतात, आणि प्रत्येक निरोप उघडायच्या आधी ती हात धुते. मी तो भर दुपारी, दार उघडं ठेवून पाहिला. त्यानंतर कितीतरी दिवस आईचा फोन वाजला की मी आधी ओढणीला हात पुसत होते. पास, मी एकटीनेच म्हटलं.

पीएच.डी. संपवून दादा बंगळुरूला नोकरीवर गेले. विमानाचं भेव, म्हणून रेल्वेने. वरचा बर्थ पडेल म्हणून खालचा. स्टेशनवर त्यांनी आम्हाला गॅसच्या नळीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत सगळ्या सूचना दिल्या आणि शेवटी डोळे पुसत म्हणाले, “तुमचं कसं होईन रे पोट्टेहो? तुमाले भेवच नाही लागत धड.” गाडी हलली तेव्हा निखिल सोबत धावत गेला. मी धावले नाही, जागच्या जागी उभी राहून रडले. एवढ्या मोठ्या शहरात आपण आता एकटे आहोत, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

रविवारी आईचा फोन आला. दादा गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी डबा नेला का, कोणी पोचवायला होतं का, पोचल्याचा फोन आला का, असं सगळं तिने विचारलं.

“मग आता तिथं घाबरणारं कोण आहे?”

“मी आहे,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की, आई.”

“बरं,” ती म्हणाली, आणि आत्यांच्या गुडघेदुखीविषयी बोलायला लागली.