शेवंतीच्या रानातला ताग

मार्केट यार्डातला आमचा फुलबाजार सकाळीच आटपतो. उरलेला दिवस चहा पिणं आणि एकमेकांची खेचणं. किस्से साठणार नाहीत तर काय!

निम्म्या किश्शांत खडकवासल्याकडचे दत्ताअण्णा असतात. पांढरी शेवंती लावावी ती अण्णांनीच! पण वर्षानुवर्षं त्याच रानात तेच पीक. फूल बारीक होत चाललं. एकदा मी पाटीत हात घालून विचारलं, "अण्णा, शर्टाची बटणं आणलीत का?"

"आवो, हवाच वंगाळ हाय यंदा!"

त्याच हवेत शेजाऱ्याची शेवंती लाडवाएवढी!

*

अण्णांचा महेश हिंजवडीत, आयटीत. त्यानं माती तपासून आणली. "अण्णा, सारखी शेवंती लावून मुळं कुजवणारी बुरशी माजलीय. एक हंगाम ताग पेरा, फुलोऱ्यावर आला की नांगरून गाडा. जमीन सुधारेल."

"तू रोज त्योच कम्प्युटर बडवतोस. त्यो दमतो का?"

"दमतो की! मग सगळं पुसून नव्यानं भरतो!"

अण्णांनी मान डोलावली. आणि लावली शेवंतीच!

*

सलीमभाई लग्नाची स्टेजं सजवतात. अण्णांच्या शेवंतीशिवाय दुसऱ्या मालाला हात लावत नसत. त्या वर्षी पाटी बघून म्हणाले, "अण्णा, दोस्ती पक्की. पण नवरीच्या मागे दोस्ती टांगता येत नाही! पुढच्या सीझनला हेच फूल असेल, तर मी दुसरीकडे बघतो."

सलीमभाई गेले की अण्णांचं यार्डातलं नाव गेलं. अण्णांनी चहा अर्धा टाकला. घरी जाऊन ताग पेरला.

*

ताग फुलला आणि एका सकाळी अण्णा पिवळ्या फुलांच्या पाट्या घेऊन माझ्या गाळ्यावर हजर!

"अहो, हा गाडायचा होता ना?"

"गाडला की! पन फुलं तोडून. जल्मभर फुलं इकली, फुललेलं रान मातीत घालवंना."

"याची भाजी करतात, अण्णा!"

सलीमभाईंनी मात्र पाट्या उचलल्या आणि एका आयटी कंपनीच्या फंक्शनचं स्टेज पिवळंधमक केलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "वॉव! इम्पोर्टेड का?"

सलीमभाई गंभीर चेहऱ्यानं, "रेअर आहे, मॅडम. फुलबाजारात मिळत नाही."

*

पुढच्या हंगामात त्याच रानातली शेवंती अशी टपोरी आली, की सलीमभाईंनी पाटी उघडताच अण्णांना मिठी मारली. महेशची कॉलर ताठ! "काय अण्णा, पटलं ना आता?"

"पटलं की! जमिनीला मानवला, मॅडमला आवाडला. आता ह्या रानात दरसाल निस्ता तागच!"