पडलेल्याजवळ बसायचा नियम

दिगूच्या मित्राला, निखिलला फोन मीच केला. 'दिगू गेला,' एवढंच बोलता आलं. रविवारची दुपार होती. पलीकडे टेबलावर फासा घरंगळल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, मग निखिल म्हणाला, 'एक मिनिट थांबा रे सगळे…' आज दोन महिने झाले, पण मला आधी तो फासाच ऐकू येतो.

दिगंबर माझा धाकटा भाऊ. चारकोपच्या एका छापखान्यात कामाला होता आणि रविवारी मित्रांबरोबर एक खेळ खेळायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत कुणी योद्धा, कुणी जादूगार होतात. लढाई आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, पडेल त्या आकड्यावर पुढचं ठरतं. त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. 'एवढे नियम पाठ होईपर्यंत राक्षस म्हातारा होईल,' असं म्हणून दिगूने स्वतःचे नियम मराठीत लिहायला घेतले. प्रत्येक नियम आधी मला ऐकवायचा. मी भाकऱ्या थापत असायचे, तो वही घेऊन शेजारी बसायचा.

'आक्का, कळला?'

'नाय.'

'मग खोडला. चौथी पास बाईला कळला नाय, तर नियमच नापास.'

मला राग यायचा नाही. माझ्यासाठी कुणी काही खोडून पुन्हा लिहावं, असं दुसरीकडे कधी झालंच नव्हतं. मित्र घरी जमले की मात्र मी आतच असायचे, चहा दाराशी ठेवून परत फिरायचे.

एकदा त्याने सांगितलं, मूळ खेळात लढाईत पडलेला माणूस जगणार की मरणार, यासाठी स्वतःच फासा टाकतो. मी विचारलं, 'आणि बाकीचे?'

'त्यांचं त्यांचं लढणं चालू.'

'म्हणजे पडलेल्याजवळ कोण बसत नाय?'

तो बराच वेळ पेन चावत राहिला. मग लिहिलं, पडलेल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी आपला डाव सोडून त्याच्याजवळ बसायचं आणि त्याचा फासा टाकायचा. दहाच्या वर पडलं तर तो वाचला. बाजूला लिहिलं, 'आक्काचा नियम'.

पुढे त्याचं यकृत बिघडलं. इस्पितळात एक रविवार गेला, निखिलचा फोन आला. 'आक्का, दिगूने उतरवून दिलेल्या नियमांचंच पुस्तक पुरं करतोय आम्ही. खेळून बघायला लागतं ना. पुढच्या रविवारी नक्की येतो.' दिगूने विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, 'सगळे येऊन गेले. तू झोपला होतास.' तो हसला. 'म्हणजे डाव सोडला त्यांनी.' माझ्या त्या खोट्याचा मला आजही संताप येतो. त्याला खरं कळायला हवं होतं, निदान चार शिव्या तरी घालून गेला असता.

दिगू गेल्यावर महिन्याने निखिल छापलेलं पुस्तक घेऊन आला. पहिल्या पानावर दिगूचा फोटो, खाली 'आमचा लाडका'. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. पडलेला माणूस पुन्हा आपला फासा आपणच टाकत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर तोंड उघडलं.

'तो नियम कुठं गेला?'

'आक्का, त्या नियमाने खेळ रखडत होता. कुणालाच स्वतःचा डाव सोडायचा नसतो गं.'

सहज बोलला तो, बिस्कीट चहात बुडवत. आणि जाताना म्हणाला, दिगूची वही दे, आठवण म्हणून आमच्याकडे ठेवतो. मी म्हटलं, सापडत नाही. वही तांदळाच्या डब्याखाली होती, अजून आहे.

दिगूचा निळा फासा फळीवर आहे. शेवटच्या दुपारी त्याला बोलवत नव्हतं, त्याने फासा माझ्या हातात दिला होता. मी त्याच्या उशाशी बसून डब्याच्या झाकणात टाकला. झाकण तसंच सांभाळून घरी आणलं. फळी पुसताना मी त्याच्याभोवतीनेच फडकं फिरवते, धक्का लागू देत नाही.

एकोणीस पडले होते.