खालच्या वहिनींची सही

माझ्या बायकोने आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मिळून मला फसवलं. मी बारा दिवस जर्मनीत होतो. तेवढ्यात बायकोचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली, आणि हॉस्पिटलच्या संमतीपत्रावर जवळचे नातेवाईक म्हणून सही केली वहिनींनी. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, बहीण. माझ्या बायकोला बहीण नाही.

मी सोलापूरहून चादरींच्या नमुन्यांची एक पिशवी घेऊन दिल्लीत आलो तेव्हा इथे मला कुत्रं ओळखत नव्हतं. पानिपतला माल विणून घ्यायला लागलो. सरकारने परदेशी व्यापाराची दारं उघडली तेव्हा माझा माल तयार होता. मयूर विहारचा फ्लॅट माझ्या जिवावर घेतला. नियम एकच ठेवला, तीन दुकानं फिरल्याशिवाय कुणाचाही शब्द मान्य करायचा नाही. या नियमापायी फ्रिज घ्यायला दीड वर्ष लागलं. तेवढे दिवस आमचं दूध वहिनींच्या फ्रिजमध्ये राहत होतं. बायको सकाळ-संध्याकाळ पातेलं घेऊन खाली जायची आणि अर्ध्या तासाने वर यायची. फ्रिज आला तरी तिचं जाणं थांबलं नाही.

वहिनींचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. आधी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होते, मग आमच्या सोसायटीत आले. शांत माणसं. आमची मुलगी वहिनींना मावशी म्हणायची.

जर्मनीतल्या कापडाच्या प्रदर्शनासाठी मी तीन वर्षं धडपडत होतो. तिथून एक दिवसाआड फोन करायचो. मुलगी उचलायची. "आई कुठेय?" "मावशीकडे." एकदा वहिनींनीच उचलला. म्हणाल्या, "भावोजी, इकडची काळजी नको. तुम्ही ऑर्डर मिळवा." मी मिळवली.

परत आलो तर दारात मुलगी उभी, बारा वर्षांची. बॅग हातातून घेण्याआधी म्हणाली, "बाबा, प्लीज, चिल्लाना मत."

बायको सैल गाऊन घालून पलंगावर बसली होती. काखेखालून एक नळी निघत होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा फुगा होता, त्यात लालसर पाणी साठत होतं. मी ओरडलो नाही. काय झालं ते ऐकलं आणि हॉस्पिटलची फाईल उघडून वाचली.

"गाठ कधी लागली हाताला?"

"होळीच्या सुमारास. आंघोळ करताना."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"दुखत नव्हती हो. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं वाटलं."

"मग वहिनींना बरी सांगितलीस."

"मी नाही सांगितली. पापड लाटताना माझा हात सारखा तिथे जात होता. त्यांनी विचारलं."

होळीपासून मी जर्मनीला जाईपर्यंत अडीच महिने गेले होते. तिचा हात माझ्यासमोरही जात असणार. हे तिने बोलून दाखवलं नाही.

"मी परत येईपर्यंत थांबता आलं नाही?"

"डॉक्टर म्हणाले, थांबू नका. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुमची जर्मनी चुकली असती."

मी तसाच खाली गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या.

"बसा, भावोजी."

"बसायला नाही आलो. माझ्या जागी सही करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिने."

"का?"

"कारण तुम्ही आधी तीन हॉस्पिटलं फिरला असता." त्यांनी जुडीतून मान वरसुद्धा केली नाही.

एकाच मालाचे दोन भाव कानावर आले की त्यातला एक खोटा, हे मला धंद्याने शिकवलंय. वर एक कारण, खाली दुसरं. माझ्या भल्यासाठी लपवलं, की माझ्यापासून लपवलं? त्या दिवसापासून मला एवढंच जाणून घ्यायचं आहे.

वहिनींचं म्हणणं मी स्वतःच खरं करून दाखवलं, हेही लिहितो. जखम भरल्यावर डॉक्टरांनी सहा वेळा किमो सांगितली, दर तीन आठवड्यांनी एक. मी विचारलं, चारात भागेल का? ते म्हणाले, "भाईसाहब, ये मोल-भाव की चीज़ नहीं है." मी फाईल काखेत मारली आणि आणखी दोन ठिकाणी गेलो. दोघांनीही सहाच सांगितल्या. पहिल्या डॉक्टरांना दुसऱ्याचं मत घेण्याचं काही वाटलं नव्हतं, फक्त आधी मिळालेली तारीख सोडू नका म्हणाले होते. मी सोडली होती. नवी तारीख अकरा दिवसांनी मिळाली. वहिनी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "अकरा दिवस, भावोजी." एवढंच. मी इतका ओरडलो की सोसायटीचा चौकीदार वर आला.

पहिल्या किमोला मी बसलो. पेशंटजवळ एकालाच बसू देत. नर्स डाव्या हातात सुई घालायला आली तेव्हा मी तिचा हात धरला. ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या हाताला सुई नाही, ब्लडप्रेशरचा पट्टा नाही, नाहीतर हात सुजतो, हे मला ठाऊक होतं. वहिनींना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. नर्सशी वाद झाला, मोठ्या नर्सशी झाला, माझं बरोबर निघालं. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. घरी येताना टॅक्सीत म्हणाली, "पुढच्या वेळी वहिनी येतील. तुमचं बरोबर असतं हो. पण मला तिथे गप्प पडून राहायचं असतं."

पुढच्या पाचही वेळा वहिनीच गेल्या. मी खाली गाडीत बसायचो.

तिचे केस गेले, तेव्हा उरलेले वहिनींनी कापले. डावा हात वर जाईना म्हणून बोटं भिंतीवर चालवत रोज थोडी वर न्यायचा व्यायाम होता. एकदा वहिनींच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर ओट्याशेजारी पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, एकावर एक, माझ्या खांद्यापासून डोक्याच्या वरपर्यंत. आमच्या घरात भिंती नव्हत्या का?

मग ती उशी. दोरीवर टॉवेलच्या आड वाळत होती, तळहाताएवढी गोल पिशवी. बोटांत धरली आणि कापड ओळखलं, जुन्या साडीचं मऊ सुती. आत भरायला जागा ठेवलेली.

"काय भरता यात?"

"बाजरी," बायको म्हणाली. "ब्लाउजमध्ये वजन दोन्हीकडे सारखं लागतं, नाहीतर खांदा झुकतो. वहिनींनी शिवली."

मी कापडाचा माणूस. माझ्या मालावर परदेशात गोरे झोपतात, आणि माझ्या बायकोच्या अंगाला खालच्या मजल्यावरचं जुनेर. दुसऱ्याच दिवशी पानिपत गाठलं. सगळ्यात तलम सूत काढलं, माझ्या सर्वांत चांगल्या कारागिराकडून तीन शिवून घेतल्या, वजन काट्यावर जुळवलं. तिने हातात घेऊन बघितल्या. "किती सुंदर शिवल्यात," म्हणाली. कपाटात ठेवल्या. आठवडाभराने विचारलं तर म्हणाली, "शिवण टोचते हो. वहिनींनी शिवण बाहेरच्या अंगाला घेतलीय." मी कारागिराला शिवण सांगितली होती, पण व्रणाची बाजू कोणती हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

आता बायको बरी आहे, वर्षाला तपासणी असते. मुलगी गुडगावला नोकरी करते. परवा म्हणाली, घरात हे झालंय म्हणून तिने डॉक्टरांना विचारून ठेवलंय, कुठली तपासणी कधीपासून करायची. मी म्हटलं, शहाणी आहेस. म्हणाली, "मावशीने कब का बताया था."

वहिनींचे यजमान निवृत्त झाले. पुढच्या महिन्यात ते दोघं पुण्याला जाताहेत, कायमचे. आठवडाभर बायको त्यांच्याकडे भांडी कागदात गुंडाळते आहे आणि डोळे लाल करून वर येते. मी विचारलं की म्हणते, "जुनं उकरू नका. विचारायचं तर त्यांना विचारा."

म्हणून विचारतो. वहिनी, त्या कागदावर सही करताना तिने तुम्हाला काय सांगितलं? जर्मनी चुकू नये म्हणून, की मी नको म्हणून? 'बहीण' हा शब्द तिने सुचवला की तुम्ही? त्या रकान्यात जागा माझी होती, आणि तुम्ही ती घेतलीत. तुमचा ट्रक भरण्याआधी मला याचं उत्तर हवं. मी तीन ठिकाणी विचारत फिरणार नाही. तुम्ही जो पहिला शब्द सांगाल तो मान्य करीन. पण सांगा.